‘हे कॉम्बिनेशन नाही’

जूनच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. कॉलेजच्या कार्यालयाच्या खिडकीशी प्रवेशाची रांग होती आणि मी काही कामासाठी आत उभी होते. बी.ए.चं पहिलं वर्ष संपवून आलेली एक मुलगी कारकुनांना विचारत होती, “सर, मराठी मेजर आणि राज्यशास्त्र मायनर मिळेल ना?” त्यांनी समोरचा तक्ता पाहिला आणि सांगितलं, “हे कॉम्बिनेशन नाही.” तिने मान हलवली, फॉर्मवरचं राज्यशास्त्र खोडून इतिहास लिहिलं आणि ती बाजूला झाली.

मराठीबरोबर राज्यशास्त्र घेऊ नये असं विद्यापीठाच्या कुठल्याच नियमात नाही. आमच्याकडे दोन्ही विभाग आहेत, शिक्षक आहेत, त्या दिवशी दोन्हीकडे जागाही होत्या. फक्त दोन्ही विषयांचे तास सोमवार ते गुरुवार एकाच वेळी लागलेले होते. ते तास लावणाऱ्या समितीत मीही होते. मी गणित शिकवते, आणि बरीच वर्षं कॉलेजचं वेळापत्रक करते. त्या मुलीने काय शिकायचं हे आम्ही मे महिन्यात, तिला न विचारता, एका कागदावर ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून या कामाकडे मी कारकुनी काम म्हणून पाहू शकलेले नाही.

पूर्वी हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता. कला शाखेत ठरलेले विषयगट असत, वाणिज्यमध्ये जवळजवळ सगळेच विषय सक्तीचे. तुकडी ठरली की मुलाचा आठवडा ठरला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आलं आणि चित्र पालटलं. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. आता मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा विषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कार्यक्षेत्रातलं प्रशिक्षण असे कप्पे आहेत. एका सत्राला साधारण २० ते २२ श्रेयांक. एक श्रेयांक म्हणजे थिअरीचे १५ तास किंवा प्रॅक्टिकलचे ३० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला श्रेयांकामागे थिअरीचा एक तास, प्रॅक्टिकलचे दोन.

यातल्या ओपन इलेक्टिव्हने वेळापत्रकवाल्यांची झोप उडवली. ते मेजरच्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं. कल्पना मला मनापासून आवडते. रसायनशास्त्राच्या मुलाने अर्थशास्त्र वाचावं, वाणिज्यच्या मुलीने खगोलशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी. पण अनेक कॉलेजांत वाणिज्य सकाळी सातला सुरू होऊन अकराला संपतं आणि विज्ञानाची प्रॅक्टिकल दुपारभर चालतात. तीन शाखांची तीन वेळापत्रकं इतकी वर्षं एकमेकांकडे न बघता सुखाने नांदत होती. आता तिन्हींना एकाच तासाला दार उघडं ठेवावं लागतं, म्हणजे तिन्ही एकमेकांत गुंतली.

ही गुंतागुंत नेमकी कशी असते ते त्या मुलीच्याच उदाहरणावर दाखवते. कला शाखेतले सहा विषय घ्या: मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र. प्रत्येक विषयासाठी कागदावर एक ठिपका काढा. एखाद्या विद्यार्थ्याने दोन विषय एकत्र घेतले असतील तर त्या दोन ठिपक्यांना रेघेने जोडा. समजा मुलांनी मराठी-इतिहास, इतिहास-राज्यशास्त्र, राज्यशास्त्र-अर्थशास्त्र, अर्थशास्त्र-भूगोल, भूगोल-मानसशास्त्र आणि मानसशास्त्र-मराठी अशा जोड्या निवडल्या. सहा ठिपक्यांची एक माळ तयार होते. आता प्रत्येक ठिपक्याला रंग द्यायचा. रेघेने जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग चालणार नाही, कारण रंग म्हणजे तासाची वेळ, आणि एक मूल एका वेळी दोन वर्गांत बसू शकत नाही.

या माळेला दोन रंग पुरतात. मराठी, राज्यशास्त्र, भूगोल एका वेळी आणि इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र दुसऱ्या वेळी. सगळी मुलं सुखी, दोन तासांत सहा विषय बसले. आम्ही नेमकं हेच केलं होतं.

मग ती मुलगी आली. तिच्या मागणीने मराठी आणि राज्यशास्त्र यांच्यामध्ये एक नवी रेघ पडली. आता मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र यांचा त्रिकोण झाला. त्रिकोणाला तीन रंग लागतात, दुसरा इलाज नाही. हे तिन्ही विषय एकत्र घेणारा एकही विद्यार्थी कॉलेजात नाही. तीन वेगवेगळ्या मुलांनी तीन साध्या जोड्या मागितल्या, आणि एवढ्यावर सगळ्या कला शाखेला तिसरी वेळ काढावी लागते. गणित शिकवणारी असूनही हे पहिल्यांदा स्वतःच्या कॉलेजच्या तक्त्यावर घडताना पाहिलं तेव्हा मी थबकले होते.

विषय आठ केले आणि कुणालाही कोणतीही जोडी घेऊ द्यायची म्हटलं, तर २८ जोड्या होतात, प्रत्येक ठिपका प्रत्येकाला जोडला जातो आणि आठच्या आठ विषयांना स्वतंत्र वेळ द्यावी लागते. प्रत्येक विषयाला आठवड्याचे चार तास धरले तर ३२ तास झाले. रोज सहा तास, आठवड्याचे सहा दिवस कॉलेज चाललं तरी हातात ३६ तास असतात. भाषा, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण हे सगळं उरलेल्या चार तासांत मावणार नाही. म्हणून कॉलेजं ‘बास्केट’ करतात. एका बास्केटमधले विषय एका वेळी, त्यातला एकच घ्यायचा. बास्केट करण्यात गैर काही नाही, तो नाइलाज आहे. पण कोणता विषय कोणत्या बास्केटमध्ये टाकायचा हे कशावरून ठरतं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा ते गेल्या वर्षीच्या वेळापत्रकावरून ठरतं.

ठिपके-रेघांची ही भाषा जुनी आहे. नकाशातल्या शेजारच्या प्रदेशांना वेगळे रंग द्यायला चार रंग पुरतील का, हा प्रश्न १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री या तरुणाला पडला आणि तिथून आलेखांच्या रंगभरणीचं गणित वाढत गेलं. संगणक विद्यापीठांत पोचले तसं ते वेळापत्रकाकडे वळलं. टोरांटो विद्यापीठाच्या कॅल्विन गॉटलिब यांनी १९६२ मध्ये वर्ग आणि शिक्षक यांच्या वेळापत्रकाची मांडणी संगणकाने कशी करावी यावर निबंध सादर केला. १९६७ मध्ये वेल्श आणि पॉवेल या दोघांनी एक सोपी रीत प्रसिद्ध केली, आणि तिच्या शीर्षकातच वेळापत्रकाचा उल्लेख होता. रीत अशी: ज्या विषयाच्या रेघा सर्वांत जास्त, तो आधी बसवा. मग त्याच वेळेत, त्याच्याशी न भिडणारे जितके बसतील तितके बसवून घ्या. मग उरलेल्यांतला सर्वांत अडचणीचा विषय घ्या आणि दुसरी वेळ उघडा.

मी या कामात नवखी होते तेव्हा आमचे हेड क्लार्क ड्रॉइंग पेपरवर पेन्सिलीने वेळापत्रक मांडत. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “आधी प्रॅक्टिकल लावा, मग बाहेरून येणारे शिक्षक, मग बाकीचे. सोपं आधी लावलंत तर शेवटी सगळं खोडायला लागेल.” त्यांनी वेल्श-पॉवेल वाचलेलं नव्हतं.

ही रीत चांगली असली तरी दरवेळी सर्वोत्तम उत्तर देते असं नाही, आणि सर्वोत्तम उत्तराची हमी देणारी झटपट रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी २१ अवघड प्रश्नांची एक यादी मांडली. त्यातल्या एकाला झटपट उत्तर देणारी रीत सापडली तर सगळ्यांनाच सापडेल, अशा जातीचे हे प्रश्न. रंगभरणीचा प्रश्न त्या यादीत आहे. एकेक शक्यता तपासत जायचं म्हटलं, तर ४० विषय ३६ तासांच्या चौकटीत टाकायच्या शक्यता मोजणारी संख्या ६३ आकडी होते. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर घेतलं तरी ते ‘पुरेसं चांगलं’ उत्तर शोधतं. विकणारा काहीही म्हणो.

आणि आपला खरा प्रश्न नुसत्या रंगभरणीचा नसतोच. ६० मुलांचा वर्ग ४० बाकांच्या खोलीत बसत नाही. प्रयोगशाळेत मुलं बॅचने जातात, म्हणून एकाच तुकडीचं प्रॅक्टिकल आठवडाभर पसरतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांनी १४ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. त्यापलीकडचे तास भरून काढणारे शिक्षक तासिका तत्त्वावर येतात. ते बहुधा दोन-तीन कॉलेजांत शिकवून पोट भरतात, त्यामुळे त्यांचा मंगळवार आणि शुक्रवार आम्हाला मिळतो, सोमवार दुसऱ्या गावाला. पदभरती रखडल्याचा भार तक्त्यावर असा उतरतो: एका रिकाम्या पदामुळे किती तरी जोड्या अशक्य होतात, आणि मुलांना त्याचं कारण कधी कळत नाही.

मोठ्या विद्यापीठांनी यावर काय केलं हे पाहण्यासारखं आहे. पवईच्या आयआयटीत स्लॉटची पद्धत आहे. स्लॉट म्हणजे आठवड्यातल्या ठरावीक तासांचा एक संच, वेगवेगळ्या दिवशी पसरलेला. प्रत्येक विषय एका स्लॉटला बांधायचा. दोन विषयांचे स्लॉट वेगळे असले की ते कधीच भिडणार नाहीत. विद्यार्थ्याला सगळा आठवडा तपासत बसावं लागत नाही, फक्त स्लॉटचे क्रमांक पाहायचे. आमच्यासारख्या कॉलेजालाही हे आजपासून जमण्यासारखं आहे. एक पैसाही लागत नाही, फक्त विभागांनी ‘आमचा तास पूर्वीपासून दहाचाच’ हा हट्ट सोडावा लागतो.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाने याहून पुढचा रस्ता धरला. तिथे घडवलेली ‘युनिटाइम’ ही प्रणाली आज मुक्त स्रोत आहे, कुणीही घेऊन वापरावी. टोमाश म्युलर यांनी प्राग इथल्या चार्ल्स विद्यापीठात याच विषयावर पीएच.डी. केली होती आणि त्या कामाचा या प्रणालीत मोठा वाटा आहे. तिची चाल मला फार आवडते. ती एकेक वर्ग जागेवर बसवत जाते. नव्या वर्गाला जागा नसेल तर बसलेल्यांपैकी एखाद्याला उठवते, पण कुणामुळे कुणाला उठावं लागलं याची नोंद ठेवते. तेच ते दोघं पुन्हापुन्हा भांडताना दिसले की त्यांना समोरासमोर आणायचं टाळते. अनुभवी माणूसही हेच शिकत जातो, पण त्याच्या निवृत्तीबरोबर ते शहाणपण जातं. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रक स्पर्धेत याच प्रणालीतून आलेली खऱ्या विद्यापीठांची माहिती स्पर्धकांना सोडवायला दिली होती. या प्रणालीत अडथळे दोन जातींचे असतात: काही मोडायचेच नाहीत, काही शक्यतो पाळायचे. आणि किती मुलांच्या किती निवडी भिडल्या, याला उत्तर जोखताना किंमत असते. आमच्या ड्रॉइंग पेपरवर मुलांच्या निवडीची रेघच नव्हती.

नोंदणीची बाजूही एवढीच महत्त्वाची आहे, कारण रेघा तिथूनच यायच्या असतात. बाहेरच्या माणसाला नोंदणी म्हणजे एक फॉर्म वाटतो. प्रत्यक्षात एकाच मुलाची नोंद चार-पाच ठिकाणी होते: कॉलेजचा प्रवेश, विद्यापीठाची पात्रता, कायमचा नोंदणी क्रमांक म्हणजे पीआरएन, विषयांची नोंदणी, परीक्षेचा अर्ज. त्यात आता अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा बारा आकडी क्रमांक आला. आयोगाचे त्याबद्दलचे नियम जुलै २०२१ चे. मुलाने मिळवलेले श्रेयांक तिथे जमा राहतात, जास्तीत जास्त सात वर्षं, आणि मध्ये शिक्षण सुटलं तरी पुढे दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात. ज्या मुलीचं लग्नामुळे शिक्षण थांबतं तिच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण बँकेत जमा व्हायला नाव जुळावं लागतं. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा नाव आधी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे आद्याक्षर. लग्नानंतर तिन्ही बदललेली. ऑगस्टभर कार्यालयात याच दुरुस्त्या चालतात. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाच्या निर्णयाप्रमाणे आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. ती मुलं २०४२ च्या सुमारास आमच्या खिडकीशी येतील. आजच्या फॉर्मचे रकाने तेव्हा पुरणार नाहीत, हे आताच लक्षात घ्यायला हवं.

नावाइतकीच घातक असते ती तोंडी बदलाची सवय. जुलैत एखादा मुलगा म्हणतो, मला हा विषय झेपत नाही. शिक्षक मायेने म्हणतात, “जा, त्या वर्गात बस.” तो बसतो, अभ्यास करतो, अंतर्गत चाचण्या देतो. नोंदीत मात्र जुनाच विषय राहतो. ऑक्टोबरात हॉल तिकिटावर तो जुना विषय छापून येतो आणि मुलगा रडकुंडीला येऊन उभा राहतो. असं माझ्या डोळ्यांसमोर एकापेक्षा जास्त वेळा घडलं आहे. विषय बदलायला ठरावीक मुदत, एकच अर्ज आणि त्या अर्जाने वर्गाची हजेरी व परीक्षेची यादी दोन्ही एकदम बदलणं, एवढी शिस्त असेल तर हे टळतं.

मग येतो जागांचा प्रश्न. लोकप्रिय ओपन इलेक्टिव्हच्या ६० जागा, मागणारी मुलं दीडशे. बहुतेक ठिकाणी लिंक सकाळी दहाला उघडते आणि जो आधी बटण दाबेल त्याची जागा. इथे एक तांत्रिक खोच आहे. एकोणसाठ जागा भरल्या असताना दोन मुलांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर दोघांनाही ‘एक जागा शिल्लक’ दिसतं आणि एकसष्ट नावं लागतात. चांगली प्रणाली जागा तपासणं आणि ती कमी करणं या दोन क्रिया एकमेकींपासून सुटू देत नाही. एकाचं काम चालू असताना दुसऱ्याला क्षणभर दाराबाहेर थांबवते. प्रणाली निवडताना हे करून दाखवा असं विक्रेत्याला सांगावं.

तांत्रिक खोच सुटली तरी न्यायाचा प्रश्न उरतो. दहाच्या ठोक्याला ज्याच्या गावात रेंज आहे त्याला विषय मिळतो, ज्याच्या वाडीत नाही त्याला उरलेला. हे मला मान्य नाही. आपल्याकडे अकरावीचे आणि अभियांत्रिकीचे प्रवेश पसंतीक्रम घेऊन फेऱ्यांनी होतात, आयआयटी-एनआयटीच्या जागाही तशाच वाटल्या जातात. त्यामागचा विचार डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांच्या १९६२ च्या निबंधाकडे जातो. २०१२ मध्ये शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच परंपरेतल्या कामासाठी, गेल तोवर हयात नव्हते. गेल-शॅप्लींच्या रीतीत मुलं पसंतीक्रम देतात, विषयांना आपला प्राधान्याचा नियम असतो, आणि शेवटी असा कुणीच उरत नाही, की ज्याला हवा असलेला विषय नाकारला गेला आणि प्राधान्यात त्याच्या मागे असलेल्याला तो मिळाला. शिवाय पसंतीक्रम हवा तेवढा लांब देता येत असेल तर खोटा क्रम लिहून कुणाचाही फायदा होत नाही. मुलांना डावपेच करावे लागत नाहीत, मनात आहे ते लिहावं. प्राधान्याचा नियम कॉलेजने ठरवावा. माझं मत विचाराल तर गेल्या सत्रात ज्याला नाकारलं त्याला या सत्रात आधी.

एवढं सगळं केलं तरी त्या मुलीचं कॉम्बिनेशन मिळालं नसतं. कारण आमच्या कामाचा क्रमच उलटा होता. मे महिन्यात वेळापत्रक, जून-जुलैत नोंदणी. पहिल्या वर्षाला त्याशिवाय गत्यंतर नसतं, प्रवेशाच्या फेऱ्या आणि पुरवणी परीक्षेचे निकाल उशिरापर्यंत चालतात. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची मुलं आमच्या आवारातच असतात. पुढच्या सत्रात काय घ्यावंसं वाटतं हे त्यांना मार्चमध्ये विचारायला काहीच अडचण नव्हती, फक्त कुणी विचारलं नव्हतं. आधी मागणी, मग रेघा, मग रंग, मग नोंदणी. बास्केट तेव्हाही करावीच लागतील, पण ती मुलांच्या इच्छा कमीत कमी कापतील अशी करता येतील, आणि नेमक्या कुणाच्या कापल्या हे नावानिशी कळेल.

मागणीच्या त्या फॉर्मवर आणखी दोन ओळी हव्यात: तुझी एसटी किती वाजता पोचते, आणि तू कुठे कामाला जातोस का. आमच्या कॉलेजात अर्ध्याहून अधिक मुलं बाहेरगावची. सकाळी साडेसातचा तास लावला की पहिली गाडी आठनंतर पोचणाऱ्या गावांची मुलं तो विषय घेऊच शकत नाहीत. दुपारी पाचचं प्रॅक्टिकल लावलं की शेवटच्या गाडीची चिंता असलेल्या मुली ते टाळतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ची वाट आजही कित्येक मुलं चालतात, त्यांचे कामाचे तास तक्त्यात सुटलेच पाहिजेत. युनिटाइमच्या भाषेत हेही अडथळेच. ते ‘मोडायचे नाहीत’ या रकान्यात लिहायचे की ‘शक्यतो पाळायचे’ या, हे सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही.

परीक्षेच्या वेळापत्रकालाही हेच लागू आहे, फक्त तिथे एटीकेटीची मुलं वेगळ्या वर्षांच्या ठिपक्यांना जोडतात. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा दुसऱ्या वर्षाचा राहिलेला पेपर देत असेल तर ती एकच रेघ दोन वर्षांची तारीखपत्रकं बांधून ठेवते. या रेघा पीआरएनवरून काही मिनिटांत काढता येतात.

पुढच्या मार्चमध्ये आम्ही साध्या कागदावर मागणी गोळा केली आणि भिंतीवर ठिपके काढले. मराठी-राज्यशास्त्र ही रेघ एकाने नव्हे, चौघांनी मागितली होती. तिसरी वेळ उघडायला तास नव्हते, म्हणून मराठीच्या ठिपक्याचे दोन ठिपके केले, म्हणजे दोन तुकड्या, एकेक प्रत्येक वेळेत. त्रिकोण सुटला. मराठीच्या मॅडमचे चार तास वाढत होते, त्यांनी ओपन इलेक्टिव्हचे चार तास सहकाऱ्याकडे दिले. दुसऱ्या तुकडीची वेळ आधी आम्ही साडेसातची मांडली होती, मग फॉर्मवरच्या गाड्या पाहून साडेआठला सरकवली. मराठी घेणाऱ्यांत सर्वांत लांबून येणाऱ्या मुलाची गाडी स्टँडवर आठ वाजून दहा मिनिटांनी लागते.